चांगली, स्पॅनिश आणि माफक

शनिवार हा माझा एकुलता एक स्वतःचा दिवस. आठवडाभर मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. अंधाऱ्या खोलीत माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यासमोर एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "हे बरं दिसतंय की हे?" माणूस म्हणतो, "पहिलं." पुन्हा दाखवलं की म्हणतो, "नाही, दुसरं." आणि शेवटी म्हणतो, "दोन्ही सारखंच हो. तुम्हीच ठरवा." त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कुणी दोन वस्तू माझ्यासमोर धरून यातली कुठली बरी असं विचारलं, की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तरी शुक्रवारी संध्याकाळी मी दारात बूट काढत होते तेव्हाच सासूबाई त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उद्या मला सुपरमार्केटला ने. एक बाटली घ्यायचीय. रेड वाइन. स्पॅनिशच हवी. चांगली, पण माफक."

"माफक म्हणजे?"

"माफक म्हणजे माफक. चांगली दिसली पाहिजे, पण महाग वाटता कामा नये."

"आणि मधेच वाइन कशाला?"

"रविवारी जेवायला येतंय कुणीतरी. वर्गातलं."

"कोण येतंय?"

"कुणीतरी गं," असं म्हणून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

सासरे गेल्यानंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. खालची बागेकडची खोली त्यांची. सगळं आयुष्य त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलं, शेवटी तर तिथल्या सगळ्या मुलींवर देखरेख त्यांचीच होती. आवाज असा, की नुसतं "हॅलो" म्हणाल्या तरी समोरचा सावरून बसतो. गेल्या हिवाळ्यात त्यांनी वाचनालयातला स्पॅनिशचा वर्ग लावला. डोकं गंजू नये म्हणून, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. तेव्हापासून घरातल्या दारावर, फ्रिजवर, आरशावर स्पॅनिश शब्दांच्या चिठ्ठ्या लागल्या आणि मला रोज सकाळी दात घासताना आरशाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते वाचावं लागू लागलं. पण वर्गातलं कुणी कधी घरी आलं नव्हतं.

मी नवऱ्याला म्हटलं, "आई कुणाला बोलावतायत, विचार तरी."

"तूच विचार ना," तो म्हणाला. "तुला सांगेल ती."

माझा नवरा जमिनी मोजतो. दिवसभर शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या भांडणात उभा राहून कुणाची हद्द कुठवर ते न घाबरता सांगतो. पण आईच्या हद्दीत पाऊल टाकायची वेळ आली की तो मला पुढे करतो. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. आईला डॉक्टरकडे जायला सांग, आईला म्हणावं टीव्हीचा आवाज कमी कर, आईला विचार तिच्या मनात काय आहे. मी म्हणजे त्या दोघांमधला टपाल खात्याचा माणूस.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मी मनाशी म्हटलं, एक बाटली तर घ्यायची, जाऊ आणि येऊ. नमनालाच घडाभर तेल गेलं. पार्किंगमध्ये जागा मिळेना. मिळाली तर सासूबाईंना ती दारापासून लांब वाटली. मग त्यांना ट्रॉली हवी होती. मी म्हटलं, "आई, एका बाटलीला ट्रॉली कशाला?" तर म्हणाल्या, "धरायला." 

वाइनची रांग दुकानाच्या पार मागच्या भिंतीला होती. देशादेशांच्या पाट्या लावलेल्या. स्पेनची पाटी पाहून मला हायसं वाटलं, कारण त्याखाली एकच कपाट होतं. जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत बाटल्या, खालच्या फळीवर स्वस्त, वर जावं तशा महाग. मी डोळ्यांच्या उंचीवरची एक उचलली. किंमत मधली, लेबल नीटनेटकं.

"ही घ्या. माफक."

सासूबाईंनी गळ्यातला चष्मा चढवला. तो चष्मा मीच बनवून दिलाय, जवळचं वाचायला. त्या दिवशी मला त्याचा पश्चात्ताप झाला. त्यांनी पुढचं लेबल वाचलं, मग मागचं, मग बाटली उलटी करून तळ पाहिला.

"यावर बैल आहे," त्या म्हणाल्या.

"मग?"

"जेवायच्या टेबलावर बैल कशाला?"

मी दुसरी दिली. तिच्यावर किल्ला होता. किल्ला त्यांना गर्विष्ठ वाटला. तिसरी सोनेरी तारेच्या जाळीत गुंडाळलेली होती. त्यांनी ती दोन बोटांनी धरली आणि परत ठेवली. "जाळीत कांदे असतात."

"बरं, मग ही जुमिला गावची बघा."

"जुमिला नाही गं. खुमिया! स्पॅनिशमध्ये ज नसतो, तो ख असतो. आणि दोन ल आले की य." हे त्यांनी एक्सचेंजच्या आवाजात सांगितलं. पलीकडच्या रांगेत डबे रचणारी मुलगी वळून बघायला लागली. सासूबाईंनी तिलाच बोलावलं. "बाळ, इकडे ये. यातली चांगली आणि माफक कुठली?"

ती बिचारी म्हणाली, "मी पीत नाही हो. पण लोक ते मेडलचं स्टिकर असलेली नेतात."

आम्ही पाहिलं. मेडल जवळजवळ प्रत्येक बाटलीवर होतं. सासूबाई म्हणाल्या, "बालवाडीच्या स्नेहसंमेलनासारखं झालं हे. सगळ्यांनाच बक्षीस."

तेवढ्यात एक गृहस्थ, अंगात कोट, हातात टोपली, आपणहून मदतीला आले. असे गृहस्थ प्रत्येक दुकानात असतात, बहुतेक तिथेच राहत असावेत. त्यांनी एक बाटली काढली, उजेडाकडे धरली आणि सांगायला सुरुवात केली. द्राक्षं कुठल्या उतारावरची, पिंप कुठल्या लाकडाचं, किती काळ मुरलेली. मी घड्याळाकडे बघितलं, छताकडे बघितलं. ते म्हणाले, "ही उघडलीत ना, की आधी चामड्याचा वास येईल. मग तंबाखू. आणि सगळ्यात शेवटी ओली माती."

"म्हणजे पावसातून आलेला बूट," सासूबाई म्हणाल्या.

गृहस्थ टोपली घेऊन चीजकडे निघून गेले.

मग खरी परीक्षा सुरू झाली. सासूबाईंनी दोन बाटल्या निवडल्या, एक वरच्या फळीवरची आणि एक सवलतीतली, आणि दोन्ही माझ्यासमोर धरल्या. "ही बरी की ही?"

मी दात आवळून म्हटलं, "वरची."

"एवढी महाग? काय वाटेल!"

"कुणाला?"

"वाटेल गं कुणालातरी."

"मग सवलतीतली घ्या."

"म्हणजे मी काय लोकांना उरलंसुरलं वाढते?"

"मग मधली घ्या!"

"मधलीवर बैल आहे ना."

माझी पाठ दुखत होती. घरी कपड्यांचा ढीग पडला होता. वर नवऱ्याचा फोन आला, "अजून तिथेच? आईनं सांगितलं का कोण येतंय?" मी फोन बंद करून खिशात टाकला. त्या पुन्हा पहिल्या बाटलीपासून वाचायला लागल्या, मोठ्याने, स्पॅनिशमध्ये, एकेक अक्षर चावत. आणि माझा तोल गेला.

"आई, पुरे झालं आता! बाटली घेतोय आपण, जावई नाही निवडत!"

मला वाटलं, आता उलट ऐकावं लागणार. पण त्या गप्पच झाल्या. बाटली हातात तशीच. आणि मी बघते तर त्यांच्या मानेपासून कानांच्या पाळ्यांपर्यंत लाली चढत गेली. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई, पन्नास मुलींना धाकात ठेवणाऱ्या, सुपरमार्केटच्या मागच्या भिंतीपाशी उभ्या राहून लाजल्या.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अगंबाई," एवढंच माझ्या तोंडून निघालं. "आई, म्हणजे जे येतायत ते..."

"वाक!" त्या म्हणाल्या.

"काय?"

"वाक म्हणते ना!" त्यांनी माझं कोपर धरून मला खाली ओढलं. रांगेच्या टोकाला टॉयलेट पेपरच्या गठ्ठ्यांचा डोंगर रचला होता. त्यामागे आम्ही दोघी बसलो. त्यांचे गुडघे कटकट वाजले. तीच बाई रोज सकाळी मला सांगते की गुडघ्यांमुळे खालच्या कपाटातलं पातेलं काढता येत नाही.

गठ्ठ्यांच्या फटीतून मी पाहिलं. एक उंच, किंचित पोक आलेले गृहस्थ येत होते. राखाडी टोपी, हातात कापडी पिशवी. ते स्पेनच्या कपाटासमोर आले. थांबलेसुद्धा नाहीत. एकही बाटली उचलली नाही, एक अक्षर वाचलं नाही. सरळ खाली वाकले आणि तळाच्या फळीवरचा पुठ्ठ्याचा खोका उचलला, तो नळवाला, ज्यातून वाइन पाण्यासारखी भरून घेतात. खोका बगलेत मारला, त्यावर एकदा पसंतीची थाप दिली आणि पैसे भरायच्या रांगेकडे गेले.

सासूबाई खालीच बसून राहिल्या.

"खोका घेतला," त्या म्हणाल्या.

"घरच्यासाठी घेतला असेल."

"मला म्हणाले होते, वाइन मीही घेऊन येईन. त्यांनी खोका घेतला." मग माझा हात धरून त्या कशाबशा उठल्या, हातातली बाटली जागेवर ठेवली, लेबल पुढे येईल अशी नीट फिरवली. "चल. काही नको. पाणी पिऊ."

"आई! सकाळपासून आपण इथे आहोत."

"पाणी प्रकृतीला चांगलं."

आणि त्या ट्रॉली धरून दाराकडे चालायला लागल्या. इतक्या खटाटोपानंतर रिकामी ट्रॉली. मला रडावं की ओरडावं कळेना. "तुम्ही व्हा पुढे," असं म्हणून मी परत वळले, तणतणत त्या कपाटापाशी गेले आणि हाताला आली ती बाटली उचलली. बैल नव्हता एवढंच पाहिलं. पैसे भरले आणि बाटली माझ्या पिशवीत तळाशी कोंबली.

गाडीत त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. सिग्नलला थांबलो तेव्हा आपणहून बोलायला लागल्या.

"आमच्या बाई वर्गात जोड्या लावतात. संवाद म्हणायला. स्टेशनवर, दवाखान्यात, हॉटेलात. पहिल्या दिवसापासून माझी जोडी त्यांच्याशी. ते लिफ्टचं काम करायचे. दुरुस्ती, तपासणी. आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पुस्तकात ते नेहमी गिऱ्हाईक असतात आणि मी वाढणारी. एकदा त्यांना म्हणायचं होतं, एक चांगली रेड वाइनची बाटली द्या. ते म्हणाले. छान म्हणाले. मला उत्तरच आठवेना. मी म्हटलं, नाहीये. सगळा वर्ग हसला. तर ते म्हणाले, मग मी थांबतो."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

"महाग बाटली ठेवली तर वाटेल, बाई गळ्यात पडतेय," त्या म्हणाल्या. "आणि स्वस्त ठेवली तर वाटेल, हिला माझी किंमत नाही. एवढं साधं होतं. आणि त्यांनी काय केलं, न वाचता खोका उचलला. उद्याचं रद्दच करते."

"रद्द वगैरे काही करायचं नाही," मी म्हटलं. "चिकन आणून ठेवलंय मी."

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आ वासून बघत राहिला.

"पुरुष?"

"हो. पुरुष."

"आईकडे? जेवायला?" मग जरा वेळाने, "तो बाबांच्या खुर्चीवर बसणार का?"

"अरे, ती खुर्ची आई इथे राहायला आल्यावर घेतलीय. बाबा त्यावर एकदाही बसले नाहीत."

"पण बसले असते," तो म्हणाला आणि गच्चीवरची पन्हळ साफ करायला गेला. ती पन्हळ साफ कर म्हणून मी उन्हाळ्यापासून मागे लागले होते.

रविवारी सकाळी सासूबाईंनी रद्द केलं नाही, पण बोलल्याही नाहीत. निळा पोशाख घातला, बदलला, पुन्हा तोच घातला. कानात मोती घातले. मी चिकन ओव्हनमध्ये सरकवलं, बटाटे सोलले, सॅलड चिरलं. नवऱ्याने चार खुर्च्यांच्या जागा तीनदा बदलल्या. शेवटी ती वादग्रस्त खुर्ची उचलून त्याने गच्चीवर नेऊन ठेवली आणि तिच्या जागी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून मांडलं. मी सॅलडकडे वळले. माणसाला किती गोष्टींवरून बोलणार?

बेल वाजली. दारात लिफ्टवाले. टोपी हातात, केस पाणी लावून बसवलेले, आणि बगलेत खोका.

"हे घ्या," ते सासूबाईंना म्हणाले आणि खोका टेबलाच्या मधोमध ठेवला, मी फुलं ठेवली होती तिथेच. "नळ आहे याला. बूच काढायची कटकट नाही."

सासूबाईंनी खोक्याकडे असं पाहिलं, की तो पुठ्ठ्याचा नसता तर आंबला असता. "मी पाहिलं तुम्हाला काल. खोका घेताना."

"कुठे? सुपरमार्केटात?"

"वाचलंसुद्धा नाहीत तुम्ही काही. सरळ उचललात."

"म्हणजे तुम्ही तिथे होतात आणि हाक नाही मारलीत?"

सासूबाई क्षणभर अडखळल्या. "मी खाली वाकले होते. काहीतरी पडलं होतं."

"काय पडलं होतं?"

"ते महत्त्वाचं नाही! तुम्ही कुणाच्या घरी पहिल्यांदा जेवायला जाताना खोका नेता?"

लिफ्टवाले स्टुलावर बसले. जराही ओशाळले नाहीत. "मी रोज हीच पितो. एक पेला, जेवताना. बरी असते. ओळखीची. आता तुमच्याकडे यायचं म्हणून एखादी न पाहिलेली बाटली आणायची आणि तुमच्यावर प्रयोग करायचा, हे मला पटत नाही. लिफ्टमध्येसुद्धा मी आधी स्वतः वर जाऊन खाली यायचो, मग लोकांना बसू द्यायचो."

"मी लिफ्ट नाही."

"नाही, नाही. तसं म्हणायचं नव्हतं मला."

मला वाटलं, हीच ती वेळ. मी उठून पिशवीतली बाटली आणली. "आई, ही काल मी घेतली. स्पॅनिशच आहे. माफक."

सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी बाटली हातात घेतली, चष्मा चढवला, लेबल वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"ही पोर्तुगालची आहे."

"स्पेनच्या कपाटात होती!"

"कपाटात काहीही असेल. लिहिलंय ना इथे. तू डोळे तपासतेस ना गं लोकांचे?"

लिफ्टवाले हसले. सासूबाईही हसल्या असत्या, पण मग त्यांना आठवलं की त्या रागावल्यात.

नवऱ्याने बाटली उघडायला घेतली. बूच अर्ध्यात तुटलं. त्याने उरलेलं बूच स्क्रू-ड्रायव्हरने आत ढकललं आणि वाइनची एक चिळकांडी त्याच्या शर्टावर आणि दुसरी माझ्या सॅलडवर उडाली. आम्ही चाखली. आंबट, घशात ओरखडा काढणारी, वर बुचाचा भुगा. सासूबाई म्हणाल्या, "चांगली आहे," आणि डोळे मिटून पेला संपवला. मग लिफ्टवाल्यांनी नळ फिरवून खोक्यातली भरली. खोक्यातली ठीक होती. ना चामडं ना माती, नुसती वाइन.

"हिच्यात काही दम नाही," सासूबाई म्हणाल्या.

"दम कशाला हवा? जेवायचंय ना."

यावरून त्यांचा वाद सुरू झाला. आधी मराठीत, मग मधेच कुणाच्या लक्षात न येता स्पॅनिशमध्ये. दोघांचं स्पॅनिश पुस्तकातलं, त्यामुळे भांडणात मधेच "स्टेशन कुठे आहे" छापाची वाक्यंही येत असावीत. लिफ्टवाले हात हलवत होते. सासूबाई त्यांचे क्रियापदाचे काळ दुरुस्त करत होत्या. चिकन गार होत होतं. पण त्या आवाजात मी काहीतरी नवीन ऐकलं. आमच्याशी बोलताना त्या सूचना देतात, नाहीतर तक्रार करतात. कुणाशी असं तावातावाने भांडताना मी त्यांना सासरे गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

नवऱ्याला मात्र सहन होईना. त्याला एक शब्द कळत नव्हता आणि शर्टावर डाग होता. त्याने काटा ताटात आपटला.

"एक मिनिट," तो लिफ्टवाल्यांना म्हणाला. छाती पुढे, अगदी वधूपित्यासारखा. "मला सरळ विचारू द्या. तुमचा नक्की विचार काय आहे?"

लिफ्टवाल्यांनी हातरुमालाने तोंड पुसलं. "पुढच्या महिन्यात आमची तोंडी परीक्षा आहे," ते म्हणाले. "त्यानंतर काही..."

"तुम्ही थांबा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, उतरवला, आणि एक्सचेंजच्या मुली बहुधा यालाच घाबरत असाव्यात. त्या मुलाकडे वळल्या. "माझा विचार काय आहे ते त्यांना विचारतोस? काल बायकोला विचारायला लावलंस, आज पाहुण्याला विचारतोस. मी इथे बसलेय. तुझ्या हाताच्या अंतरावर. बाबा गेले तेव्हाही मला एकटीला झोप लागते का, हे तू मला नाही विचारलंस. ती येऊन विचारून गेली."

नवरा पांढरा पडला. मी बटाट्यांकडे बघत राहिले. खरं सांगते, मला आनंदच झाला. इतकी वर्षं हे मी त्याला उशीवर डोकं टेकून, गाडीत, भांडी घासताना सांगत आले होते. आणि त्याच वेळी त्याचा चेहरा बघवेना. तो दहा वर्षांचा दिसत होता.

लिफ्टवाले उठायच्या बेतात होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे न बघता नुसता हात आडवा केला, तसे ते पुन्हा बसले.

मग नवरा घसा खाकरून म्हणाला, "आई."

"हं."

"तुला आवडतात का हे?"

त्यांनी पेल्यातली खोक्यातली वाइन हलवली, उजेडाकडे धरली, एक घोट घेतला.

"हट्टी आहेत," त्या म्हणाल्या. "आणि अनेकवचन नेहमी चुकवतात. पण माझं बोलणं संपेपर्यंत थांबतात." मग माझ्याकडे बघून, "चिकन वाढ गं. लाकूड होईल त्याचं."

चिकनचं लाकूड झालंच होतं. तरी लिफ्टवाल्यांनी दोनदा घेतलं. नवऱ्याने त्यांना गावातल्या जुन्या लिफ्टबद्दल काहीतरी विचारलं आणि उत्तर लांबत गेलं तरी ऐकलं. मधेच तो उठला, गच्चीवर गेला आणि ती खुर्ची खाली घेऊन आला. स्टुलाशेजारी ठेवली. लिफ्टवाल्यांनी आधी तिचे पाय हलवून तपासले, मग बसले.

ते गेल्यावर आम्ही तिघांनी भांडी काढली. सासूबाई घासत होत्या, नवरा पुसत होता, मी टेबलक्लॉथवरचे डाग मिठाने चोळत होते. त्यातला एकही जाणार नव्हता.

"आई, तुझा वर्ग कधी असतो?" नवऱ्याने विचारलं.

"मंगळवारी. संध्याकाळी."

"मी सोडत जाईन तुला. त्या वेळी मी मोकळाच असतो."

"नको रे. बसने जाते मी."

"बसला केवढी गर्दी असते. उभं राहावं लागत असेल."

"नाही लागत," सासूबाई म्हणाल्या. साबणाचा हात त्यांनी कपाळावरून फिरवला. "ते दोन थांबे आधी चढतात. जागा धरून ठेवतात."

नवरा ताट पुसत राहिला. ते केव्हाच कोरडं झालं होतं. मी त्याच्या हातून काढून घेतलं आणि फडताळात ठेवलं.